शूर्पारक परिसरातील धर्मयात्रा : वाट, वस्ती आणि वाटाड्या

वसईच्या किनारपट्टीवरील गिरीज ह्या गावी हिरा डोंगरी नावाची एक लहानशी टेकडी आहे. मराठ्यांच्या वसई मोहिमेशी निगडित असलेला वज्रगड तो हाच. आज तेथे दत्ताचे देवालय आहे आणि दत्तजयंतीस भाविक ती चढून जातात. ह्या सखल, बागाइती प्रदेशात एवढासा उंचवटाही ठळक दिसतो. पूर्वेस तुंगारची दाट रांग व तिच्या कुशीतील तुंगारेश्वर, ईशान्येस विरारच्या डोंगरावरील जीवदानी, जवळच निर्मळचे तीर्थ व तलाव, आणि ह्या सर्वांच्या मधोमध नाला-सोपाऱ्याचा स्तूप अशी ह्या टापूची मांडणी आहे. सोपारा म्हणजेच महाभारतातील शूर्पारक, पाली वाङ्मयातील सुप्पारक आणि शिलालेखांतील शोर्पारग होय. काही कोसांच्या आत वैदिक, शैव, शाक्त आणि बौद्ध परंपरांची स्थाने इतकी दाटीने आढळावीत, ही गोष्ट कोकणच्या इतिहासात लक्षणीय आहे.

ह्या स्थानांचा अभ्यास आजवर बहुधा एकेका स्थानाच्या काळनिर्णयाच्या अंगाने झाला. यात्रेकरूच्या अंगाने पाहिले असता निराळाच प्रश्न उभा राहतो. दूरच्या मुलखातून येणाऱ्या मनुष्याला येथवर कोण आणीत असे? त्याच्या निवाऱ्याची सोय कोण करी? आणि समोरचा डोंगर, तळे किंवा विटांची रास ही अमुक एका कारणाने पूज्य आहे, हे त्याला कोण सांगे? वाट, वस्ती आणि वाटाड्या ही यात्रेची तीन अंगे होत. शूर्पारक परिसराचा पुरावा असे दर्शवितो की, पहिली दोन अंगे पंथोपपंथांना बव्हंशी समाईक होती. पंथाची ओळख तिसऱ्या अंगावर अवलंबून होती, आणि स्थानांचे पुढील भवितव्यही त्यावरच ठरले.

१. अशोकाचे दोन लेख

१८८२ साली सोपाऱ्यास भातेला तलावाच्या परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक खंड सापडला. पुढे १९५६ साली गिरीजनजीकच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा खंड मिळाला. चौदा लेखांच्या संपूर्ण मालिकेपैकी नेमके हेच दोन अवशेष येथे हाती यावेत, हा योगायोग होय. परंतु यात्रेच्या अभ्यासकाला तो फार उपकारक ठरला आहे.

आठव्या लेखाचा विषयच मुळी यात्रा हा आहे. पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीसाठी विहारयात्रेस निघत. अशोक मात्र अभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीस, म्हणजे बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रेचा प्रघात पडला, असे त्यात म्हटले आहे. ह्या यात्रांत काय घडे, ह्याचीही नोंद लेखात आहे. ब्राह्मण आणि श्रमण ह्यांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना सुवर्णदान, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धर्माचा उपदेश आणि धर्माविषयी परस्पर विचारणा, असा तो कार्यक्रम होता. येथे ‘दर्शन’ हा शब्द वास्तूंना लावलेला नसून जिवंत माणसांना लावलेला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिवाय ब्राह्मण आणि श्रमण हे दोघेही एकाच यात्रेचे मानकरी आहेत.

नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हा आहे. आजारपण, मुलामुलींची लग्ने, अपत्यजन्म आणि प्रवासास निघणे अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ अल्प असते. धर्ममंगलाचे फळ मात्र मोठे, असा त्याचा आशय आहे. प्रवासारंभी मंगलविधी करण्याची चाल त्या काळी सर्वसामान्य होती, एवढे त्यावरून निश्चित होते. समुद्रगामी व्यापाऱ्यांच्या ह्या बंदरात असा लेख कोरविला जाणे औचित्याला धरूनच होते.

२. लोमश आणि उपगुप्त

राजाच्या लेखात वाटाड्याचा उल्लेख नाही. तो आढळतो वाङ्मयात, आणि विशेष म्हणजे दोन्ही परंपरांच्या वाङ्मयात आढळतो.

महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्राप्रकरण हे ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यात पुलस्त्याच्या मुखाने तीर्थांची क्रमवार यादी येते. तिच्यात जामदग्न्याने सेविलेले शूर्पारक आणि तेथील रामतीर्थातील स्नान ह्यांचा निर्देश असून, त्या स्नानाने विपुल सुवर्ण लाभते अशी फलश्रुती दिली आहे. पुढे धौम्य दिशावार तीर्थे सांगतो. ह्या दोन्ही ठिकाणी वर्णन आहे, प्रत्यक्ष सोबत नाही. सोबत करतो तो लोमश ऋषी. निघण्यापूर्वी तो युधिष्ठिराला परिवार कमी करण्यास सांगतो. भूक, तहान, श्रम आणि थंडी ज्यांना सोसवत नाहीत त्यांनी परतावे, अशी मग युधिष्ठिराची आज्ञा होते. वाटेवरच्या प्रत्येक नदीशी व आश्रमाशी लोमश तेथली कथा सांगतो. पांडव शूर्पारकास आल्यावर समुद्राचा एक अरुंद भाग ओलांडून पलीकडच्या अरण्यात गेले, ऋचीकपुत्राची वेदी व देवदेवतांची आयतने त्यांनी पाहिली आणि परत शूर्पारकास येऊन ते प्रभासाकडे गेले, असे तेथे वर्णन आहे. खाड्यांनी तुटलेल्या ह्या किनाऱ्याची ओळख त्या तपशिलातून सहज पटते.

अशोकावदानातील उपगुप्ताची भूमिका हीच आहे. मथुरेजवळील उरुमुंड पर्वतावर राहणारा हा स्थविर अशोकाला बुद्धचरित्राशी निगडित अशा स्थानी घेऊन जातो, उजवा हात पसरून प्रत्येक जागा दाखवितो आणि तेथे काय घडले ते सांगतो. लुंबिनीत तर तो वृक्षदेवतेलाच साक्षीस बोलावतो. पुढे शिष्यांच्या स्तूपांपाशी तो एकेकाचे गुण सांगतो आणि त्या मानाने राजा दान करतो. बक्कुलाच्या स्तूपाला मात्र राजा केवळ एक काकणी वाहतो, कारण त्या अर्हताने इतरांना धर्म सांगितला नव्हता. सांगणाऱ्याचे मोल त्या कथाकाराच्या मनात किती होते, हे ह्यावरून दिसते.

शूर्पारकाचे स्वतःचे बौद्ध आख्यान दिव्यावदानातील पूर्णाच्या कथेत आहे. शूर्पारकाचा व्यापारी पूर्ण भिक्षू होतो, त्याच्या नगरात चंदनाचा प्रासाद उभारला जातो आणि बुद्ध भिक्षुसंघासह तेथे येतात. वाटेत मुसलक पर्वतावर राहणारा वक्कली नावाचा ऋषी त्यांना शरण येतो. डोंगरावरचा ऋषी आणि तेथे येणारा बुद्ध हा प्रसंग धर्मप्रसाराच्या भाषेत सांगितलेला असला, तरी डोंगर आधीपासूनच तपोभूमी होता, ह्याची ती अप्रत्यक्ष कबुली आहे.

ह्या कथांना घडलेल्या घटनांचा पुरावा म्हणून घेता येणार नाही. यात्रेकरूला काय सांगितले जात असे, ह्याचा पुरावा म्हणून मात्र त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे.

३. उषवदाताची वाट

कथेकडून कोरीव लेखाकडे वळले असता यात्रेची व्यावहारिक बाजू दिसू लागते. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात ह्याचा नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेणे क्रमांक १० मधील लेख ह्या बाबतीत अद्वितीय आहे. त्यात त्याची दाने मोजली आहेत : तीन लक्ष गाई, बार्णासा नदीवर सुवर्णदान व घाट, देवब्राह्मणांना सोळा गावे, वर्षभर लक्ष ब्राह्मणांना भोजन. त्यापुढे भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग ह्या चार ठिकाणी चौसोपी धर्मशाळा बांधल्याचे सांगून विहिरी, तलाव व बागा ह्यांचा उल्लेख केला आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या सहा नद्यांवर त्याने नावांनी फुकट उताराची सोय केली आणि ह्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया उभारल्या.

ह्या सहा नावांपैकी तापी प्रसिद्धच आहे. इबा म्हणजे अंबिका, पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, करबेणा म्हणजे दक्षिण गुजरातेतील कावेरी आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे सामान्यतः मानले जाते. लेखातील क्रम बाजूस ठेवून ही नावे नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे मांडली, तर भरुकच्छाहून शोर्पारगाला येणारी किनाऱ्यालगतची वाट डोळ्यांपुढे उभी राहते. दोन्ही टोकांस धर्मशाळा, मधल्या प्रत्येक मोठ्या प्रवाहावर नाव आणि काठांवर सावली व पाणी, अशी ती अखंड व्यवस्था आहे. पावसाळ्यानंतर कोकणात उतरणाऱ्या पांथस्थाला खाडी ओलांडणे हीच मोठी अडचण असे, हे जाणणाऱ्या माणसाने ती आखलेली आहे.

ह्याच लेखात शोर्पारगाच्या रामतीर्थाचाही उल्लेख आहे. पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शोर्पारगातील रामतीर्थ येथील चरकांच्या परिषदांना उषवदाताने नानंगोल गावी नारळीची ३२,००० रोपे दिली. चरक म्हणजे फिरते, अध्ययनशील तपस्वी. महाभारताच्या यादीतील रामतीर्थ हे केवळ काव्यातले नाव नसून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तेथे दान स्वीकारणारी संस्था नांदत होती, हे येथे सिद्ध होते. आणि ह्या साऱ्या दानांची यादी कोरली आहे ती बौद्ध भिक्षूंना अर्पण केलेल्या लेण्याच्या भिंतीवर. त्याच लेखात पुष्करास जाऊन स्नान केल्याचे, तसेच तीन हजार गाई व गाव दिल्याचेही नमूद आहे.

ह्यावरून आधुनिक अर्थाच्या सर्वधर्मसमभावाचे अनुमान काढणे घाईचे होईल. उषवदात शककुलातील होता आणि नव्याने जिंकलेल्या प्रदेशात मान्यता मिळविणे त्याला आवश्यक होते. भरुकच्छ व शोर्पारग ही बंदरे होती. तेथील धर्मशाळेत यात्रेकरूइतकाच व्यापारीही उतरत असणार. परंतु हेतू काहीही असला तरी परिणाम स्पष्ट आहे. नावाड्याने उतारूचा पंथ विचारावा अशी अट लेखात नाही. वाट आणि वस्ती ही सर्वांची होती.

४. डोंगरावरील वस्ती

शूर्पारकाच्या दक्षिणेस, वसईच्या खाडीपलीकडे कृष्णगिरी म्हणजे कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेण्यांचा हा विहारसमूह म्हणजे डोंगरावर वसलेले एक गावच होते. लेण्यांना जोडणाऱ्या खोदीव पायऱ्या, जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारची पाण्याची पोढी आणि शेकडो माणसांना पुरेल अशी पर्जन्यजलाची साठवण पाहिली म्हणजे तेथील वस्तीचा पसारा ध्यानात येतो. दात्यांच्या लेखांत सोपारा, कल्याण, नाशिक, चेमूल अशी गावे येतात. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिलेली पोढी हे त्यातील एक साधे, पण बोलके उदाहरण होय. डोंगरावर आलेल्या माणसाला प्रथम पाणी लागते, ही जाणीव त्या दानामागे आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातही सोपारा आहे. सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय संप्रदायातील सातिमित ह्या भाणकाने तेथे दिलेल्या स्तंभावर, त्यात धातू ठेवल्याची नोंद आहे. भाणक म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत करून सांगणारा. बंदरातील एक कथनकार भिक्षू घाटमाथ्याजवळच्या लेण्याशी जोडला गेलेला असावा, ही गोष्ट वाट व वाटाड्या ह्यांचा संबंध दाखविते. आज त्याच चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरेचे देवालय असून चैत्री यात्रेस किनाऱ्यावरील आगरी-कोळी समाज मोठ्या संख्येने डोंगर चढतो. किनारा ते डोंगर ही वाट मोडलेली नाही. सांगितली जाणारी कथा तेवढी निराळी आहे.

कान्हेरीचा यात्रेकरू फार दूरचाही असे. शिलाहार काळात, शके ७७५ च्या लेखाप्रमाणे, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने कृष्णगिरीच्या विहारास १०० द्रम्म अर्पण केले. त्यानंतर सुमारे दीड शतकाने, इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये, काही पारशी मंडळींनी तेथे येऊन पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. त्यांना उपासक म्हणता येणार नाही. तथापि डोंगर पाहण्यास परधर्मीय मंडळी येत आणि त्यांना मज्जाव नसे, एवढे त्या नावांवरून दिसते. जैन परंपरेतही सोपारक हे तीर्थ होते. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरीच्या विविधतीर्थकल्पात तेथील ऋषभदेवाच्या प्रतिमेचा उल्लेख आहे.

५. स्तूप आणि निर्मळ : दोन स्थानांची दोन भवितव्ये

सोपाऱ्याचा स्तूप एकोणिसाव्या शतकात ‘बुरूड राजाचा कोट’ ह्या नावाने ओळखला जात असे. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ साली त्याचे उत्खनन केले तेव्हा मध्यभागी दगडी करंडा मिळाला. त्यात एकात एक ठेवलेली तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने ह्यांची करंडके, सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि मृत्तिकापात्राचे १३ तुकडे होते. भगवानलालांनी हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ओळखले. भोवती विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंतचे सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ कांस्यमूर्ती होत्या. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या जातात. म्हणजे स्तूप एकदा रचून विसरला गेला नव्हता. कित्येक शतकांनंतरही तो उघडून त्यात नव्या मूर्ती ठेवणारे लोक येथे होते.

तरीही पुढे तो बुरूड राजाचा कोट झाला. ह्या नावातही एक स्मृती दडलेली असावी. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणणारा तो बुरूड. शूर्पारक ह्या नावाचा अर्थ लोकांनी राखला आणि त्यातून राजा निर्माण केला, असे मानण्यास जागा आहे. नगराच्या नावाचा अर्थ टिकला, स्तूपाचा अर्थ मात्र गेला.

ह्याच्या उलट उदाहरण काही मैलांवरच्या निर्मळचे आहे. परशुरामाने विमलासुराचा पराभव करून येथे विमलेश्वराची स्थापना केली, अशी कथा आहे. निर्मळ व तुंगार ह्यांची माहात्म्ये स्नान, दर्शन आणि फळ ह्यांचा क्रम सांगतात. माहात्म्य म्हणजे ग्रंथरूप वाटाड्याच होय. लोमशाने वाटेवर जे बोलून दाखविले तेच ते लेखी करते. १५३४ ते १७३९ ह्या पोर्तुगीज अमलात निर्मळच्या देवालयाचा नाश झाला. त्याच काळात कान्हेरीच्या एका लेण्यात ख्रिस्ती प्रार्थनामंदिर करण्यात आले. वसई मराठ्यांकडे आल्यानंतर निर्मळ पुन्हा उभे राहिले आणि कार्तिक वद्य एकादशीची जत्रा आजही भरते.

दोन शतकांच्या खंडानंतर निर्मळ परत का आले आणि स्तूप का आला नाही? वास्तूचा नाश हे उत्तर पुरेसे नाही. निर्मळची वास्तूच पडली होती, तर स्तूपाचा ढिगारा आणि त्याच्या पोटातील धातुकरंडक जागच्या जागी सुखरूप होते. भेद होता तो सांगणाऱ्यांचा. निर्मळची कथा ग्रंथात, क्षेत्रोपाध्यायांच्या मुखी आणि लोकांच्या पंचांगात जिवंत होती. बौद्ध संघ मात्र पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक पिढ्या ह्या किनाऱ्यावरून नाहीसा झाला होता आणि त्याच्याबरोबर स्तूपाची कथाही गेली होती. राजाश्रयाचा प्रश्नही येथे आहेच. पुनरुज्जीवनाला मराठी सत्तेचे पाठबळ मिळाले. पण सत्तेने पाठबळ द्यावे असे मागणे मागणारा समाज निर्मळपाशी होता, तो स्तूपापाशी नव्हता.

पूर्णाची कथा टिकली ती परदेशी. नेपाळातून पॅरिसला गेलेल्या हस्तलिखितांच्या आधारे फ्रेंच पंडित बुर्नूफ ह्यांनी ती १८४४ साली आपल्या ग्रंथात भाषांतरित केली. शूर्पारकाचे आख्यान पॅरिसमध्ये वाचले जात होते, आणि सोपाऱ्यात त्याच आख्यानाचे स्थान बुरूड राजाच्या नावे उभे होते. कथा आणि स्थान ह्यांची फारकत ह्याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण क्वचितच मिळेल. ती सांधण्याचे काम भगवानलालांनी केले. शिलालेख, अवदान आणि स्थानिक दंतकथा ही तिन्ही साधने त्यांनी एकाच जागेवर तपासली. त्या अर्थी १८८२ साली स्तूपाला पुन्हा वाटाड्या मिळाला, असे म्हणता येईल.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. शूर्पारक परिसरातील हिंदू व बौद्ध यात्रांचे दोन स्वतंत्र भूगोल कल्पिणे पुराव्याला धरून नाही. नावा, धर्मशाळा, पाणपोया आणि पोढ्या ह्यांनी बनलेला भूगोल एकच होता. डोंगराचे पावित्र्य एका पंथाने निर्माण करून दुसऱ्याने बळकावले, असे सरळ सूत्रही येथे लागू पडत नाही, कारण ऋषी, चरक, भाणक आणि देवीचे उपासक हे ह्याच वाटांवर कधी पाठोपाठ तर कधी एकाच वेळी वावरताना दिसतात. तथापि पंथांतील भेद पुसट होता असेही नाही. तो स्पष्ट होई तो वाटाड्याच्या तोंडी. त्याच डोंगराविषयी एकाने परशुरामाचे तप सांगावे आणि दुसऱ्याने वक्कलीची शरणागती सांगावी, ह्यातच दोन यात्रा वेगळ्या होत.

१९५६ साली भुईगावचा लेखखंड सापडला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी धम्मदीक्षा घेतली. ह्या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण दीक्षेनंतर महाराष्ट्रात बौद्ध उपासकांचा समाज पुन्हा उभा राहिला आणि सोपाऱ्याच्या स्तूपाला केवळ संशोधकांऐवजी वंदन करणारेही मिळाले. बुद्धपौर्णिमेस तेथे उपासक जमतात. जीवदानीच्या तेराशेंहून अधिक पायऱ्या नवरात्रात गजबजतात, महाशिवरात्रीस तुंगारेश्वरची वाट भरते आणि गिरीजच्या टेकडीवर दत्तजयंती होते. ह्या सर्व यात्रा एकाच टापूत, पुष्कळदा एकाच रस्त्याने चालतात.

अशा यात्रेकरूला आज जो वाटाड्या भेटतो तो बहुधा एकाच स्थानाची एकच कथा सांगतो. तीत गैर काही नाही, लोमश आणि उपगुप्त ह्यांनीही तेच केले होते. परंतु सोपाऱ्याच्या शिळेवर ज्या धर्मयात्रेचा उल्लेख आहे, तीत ब्राह्मण व श्रमण दोघांचेही दर्शन होते आणि उपदेशाबरोबर विचारणाही होती. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाकडे ह्या परंपरेतील विचारणेचा भाग येतो. कोणती कथा कोणत्या काळी, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या वाटेने येथे आली, हे त्याने तपासावयाचे असते. सांगणारा नाहीसा झाला म्हणजे समोर उभे असलेले स्थानही कसे दिसेनासे होते, हे बुरूड राजाच्या कोटाने दाखवून दिलेले आहे.